लिनक्समधून जुन्या पीसी कार्डांचा आधार काढून टाकावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्स कर्नेलमधून, म्हणजे त्या सिस्टिमच्या गाभ्यातून, पीसीएमसीआयए ऊर्फ पीसी कार्डांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे छोटे प्रोग्राम) २०२३पासून एकेक करून गळायला लागले. तेव्हापासून जुने लॅपटॉप बाळगणारे मित्र मला तेच तेच विचारतात, कधी काळजीने, कधी तावातावाने. दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. मी कर्नेलच्या विकसकांपैकी नाही. जुने लॅपटॉप चालते ठेवायचा नाद असलेला पुण्यातला एक माणूस आहे, आणि तापकीर गल्ली आणि जुना बाजार इथे माझे बरेच रविवार गेले आहेत. तेव्हा खाली माहितीबरोबर माझी मतंही सापडतील. न पटल्यास सोडून द्या.

ही कार्डं म्हणजे नेमकी कोणती?

२००५च्या आसपासचा कुठलाही लॅपटॉप घ्या. बाजूला एटीएम कार्ड आडवं जाईल एवढी रुंद खाच दिसेल आणि शेजारी एक बटण. त्या खाचेत जायचं ते पीसी कार्ड. लांबी-रुंदी ८५.६ बाय ५४ मिलिमीटर, म्हणजे अगदी एटीएम कार्डाएवढीच, आणि जोडणीला ६८ पिना. जाडीवरून तीन प्रकार: ३.३, ५ आणि १०.५ मिलिमीटर. मोडेम, नेटवर्क, वायफाय, सिरियल पोर्ट, मेमरी, स्मार्टकार्ड वाचणारी यंत्रं, सगळं या आकारात मिळायचं. आपल्याकडे सीडीएमए कंपन्यांनी विकलेली सुरुवातीची ‘डेटा कार्डं’ याच आकाराची होती. पुढे ती यूएसबीवर गेली, तरी लोक त्या डोंगलला डेटा कार्डच म्हणत राहिले.

पीसीएमसीआयए हे मुळात संस्थेचं नाव: पर्सनल कॉम्प्युटर मेमरी कार्ड इंटरनॅशनल असोसिएशन. ती १९८९ साली स्थापन झाली आणि पहिला मानक १९९०मध्ये आला. नाव इतकं अवघड की त्याच अक्षरांवरून ‘पीपल कान्ट मेमोराइझ कॉम्प्युटर इंडस्ट्री ॲक्रोनिम्स’ असा विनोद रूढ झाला. पुढे संस्थेने स्वतःच ‘पीसी कार्ड’ हे सोपं नाव घेतलं. मी इथे दोन्ही वापरतो.

सगळी कार्डं सारखीच ना? मग एवढा घोळ कशाला?

सारखी नाहीत, आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. आधीची कार्डं १६-बिटची. त्यांची वागणूक जुन्या आयएसए बससारखी (बस म्हणजे संगणकात कार्डं जोडायची वाट). १९९५मध्ये कार्डबस आला. तो ३२-बिट, ३३ मेगाहर्ट्झचा, म्हणजे थोडक्यात खाचेतून बाहेर आलेला पीसीआय, आयएसएनंतरची बस. संगणकाला कार्डबसचं कार्ड हे चालू असताना खुपसलेलं पीसीआय उपकरणच दिसतं.

सध्याची सगळी काढाकाढी १६-बिट कार्डांच्या ड्रायव्हरांची आहे. तुमच्याकडे कार्डबसचं वायफाय कार्ड असेल, समजा ॲथेरॉसची चिप असलेलं, तर त्याला पीसीआयचाच ड्रायव्हर लागतो आणि तो जागेवर आहे. निम्म्या लोकांची काळजी इथेच मिटते.

माझं कार्ड कुठल्या प्रकारचं, कसं ओळखायचं?

कार्ड हातात घ्या आणि जोडणीच्या टोकाकडे वरच्या बाजूला बघा. बारीक उंचवटे असलेली सोनेरी धातूची पट्टी दिसली तर कार्डबस. टोक साधं, सपाट असेल तर बहुधा १६-बिट. कार्डबसच्या कार्डाची कडेची खाच वेगळी असते, त्यामुळे ते नुसत्या १६-बिटच्या जुन्या लॅपटॉपमध्ये शिरतच नाही. जोर लावू नका. आतल्या पिना वाकल्या की लॅपटॉपची खाच गेलीच म्हणून समजा.

आतापर्यंत नेमकं काय काय गेलं?

जून २०२३मध्ये आलेल्या ६.४ आवृत्तीत कार्डमॅन ४०००, कार्डमॅन ४०४० आणि एससीआर२४एक्स या स्मार्टकार्ड वाचणाऱ्या यंत्रांचे ड्रायव्हर गेले. मार्च २०२४मधल्या ६.८मध्ये वायफायचे जुने ड्रायव्हर मोठ्या संख्येने गेले: ओरिनोको, होस्टएपी, अटमेल, ‘रे’, डब्ल्यूएल३५०१, आणि लिबर्टासचा १६-बिट कार्डांपुरता भाग. त्याच आवृत्तीत यूएसबीचेही एकदोन जुने ड्रायव्हर निघाले, म्हणजे हा राग फक्त पीसी कार्डांवर नव्हता.

यात होस्टएपीचं जाणं मला जरा लागलं. प्रिझम चिपांच्या कार्डांसाठी लिहिलेल्या त्या ड्रायव्हरबरोबरच हॉस्टएपीडी हा प्रोग्राम वाढला, आणि आज लिनक्सवर चालणाऱ्या कितीतरी वायफाय राऊटरांत तोच काम करतो. मूळ कार्ड गेलं, त्याचं पोर जगभर नांदतंय.

जो कोड कोणाला त्रास देत नाही, तो काढायचाच कशाला? पडून राहू दे की!

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि रास्तही आहे. माळ्यावर ठेवलेलं पितळेचं भांडं काही खायला मागत नाही, तसंच ना?

तसं नाही. कर्नेलचा कोड माळ्यावर नसतो, तो चुलीजवळ असतो. लिनक्समध्ये आतल्या फंक्शनांची रचना सतत बदलते आणि ती बदलणाऱ्यालाच ती वापरणारा प्रत्येक ड्रायव्हर दुरुस्त करावा लागतो. टायमर वापरायची पद्धत बदलली की शेकडो फायलींना हात लागतो. त्यात एखादी १९९८च्या कार्डाची फाइल आली, तर ज्याने ते कार्ड कधी पाहिलंही नाही असा माणूस ती बदलतो. बदललेला कोड कंपाइल होतो, एवढीच खात्री. तो खऱ्या कार्डावर चालतो का, हे पाहायला कोणाच्या टेबलावर कार्डच नसतं. अशी वीस वर्षं गेली की ड्रायव्हर नावाला असतो. चालतो की नाही, हे खुद्द सांभाळणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

वायफायच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. यातले बरेच ड्रायव्हर वायरलेस एक्स्टेन्शन्स या जुन्या पद्धतीवर उभे होते. नव्या पद्धतीला येऊन दीड दशक उलटलं, पण या ड्रायव्हरांसाठी जुनी पद्धतही जिवंत ठेवावी लागत होती. एका भाडेकरूसाठी सबंध वाडा पाडायचा थांबलेला, त्यातला प्रकार.

सुरक्षेचं कारण सांगतात ते खरं की निमित्त?

थोडं खरं, थोडं निमित्त.

२०२२मध्ये वर सांगितलेल्या तिन्ही स्मार्टकार्ड ड्रायव्हरांत एकाच जातीचा दोष सापडला आणि तिन्हींना सीव्हीई क्रमांक (सुरक्षेच्या दोषांच्या जाहीर यादीतले क्रमांक) मिळाले. दोष असा: एखादा प्रोग्राम ते उपकरण उघडत असतानाच नेमक्या त्या क्षणी कोणी कार्ड उपसून काढलं, तर मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरली जाते. पीसी कार्डाचा स्वभावच हा आहे. ते कधीही उपसता येतं, आणि या ड्रायव्हरांत त्या क्षणाचा पुरता विचार नव्हता.

पण हल्ला करायला माणूस तुमच्या लॅपटॉपशेजारी बसलेला हवा आणि कार्ड त्याच्या हाताशी हवं. इतका जवळ आलेला चोर लॅपटॉपच उचलून नेईल! खरी गोष्ट अशी की दोष सापडला की तो दुरुस्त करायला कोणीतरी लागतं, दुरुस्ती तपासायला कार्ड लागतं आणि दोन्ही नव्हतं. ड्रायव्हर गेला तो या कारणाने.

मग तुमचं मत काय? काढावा की ठेवावा?

सरसकट काढू नये आणि सरसकट ठेवूही नये. एकेका ड्रायव्हरचा वेगळा निवाडा हवा, आणि निवाड्याचा प्रश्न एकच: हे कार्ड हातात घेऊन नव्या कर्नेलवर लावून बघणारा एक तरी माणूस आहे का? असेल तर ठेवा, कार्ड तीस वर्षांचं असलं तरी चालेल. नसेल तर काढा, कार्ड कितीही प्रसिद्ध असलं तरी.

या कसोटीवर स्मार्टकार्डवाले गेले ते योग्यच. ११ मेगाबिटचं वायफायही गेलं ते योग्य. त्यातली बहुतेक कार्डं आजच्या राऊटरच्या पासवर्ड पद्धतीशी बोलू शकत नाहीत आणि वेप हे जुनं कुलूप म्हणजे दाराला सुतळी बांधण्यासारखं. मात्र खाचेच्या कंट्रोलरचा यंटा ड्रायव्हर, सिरियल पोर्टचा, साध्या इथरनेटचा आणि मेमरी कार्डांचा ड्रायव्हर एवढा गाभा ठेवावा असं मला ठाम वाटतं. त्याला कारण आहे.

आज हे वापरतं तरी कोण? हौशी लोक सोडून सांगा.

हा प्रश्न आला की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘अहो, सीएनसी मशीनं!’ म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणारी यंत्रं. भोसरी, चाकण, सातपूर, शिरोली, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जा. अशा मशीनवरच्या फानुक कंपनीच्या कंट्रोलरच्या पडद्याशेजारी एक छोटं झाकण असतं, ते उघडलं की हीच ६८ पिनांची खाच. ऑपरेटर कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड ॲडॉप्टरमध्ये घालून त्यात सरकवतो, पॅरामीटर २० ला ४ लिहितो आणि प्रोग्राम मेमरी कार्डवरून घेतो. बॅटरी उतरून सेटिंग उडू नये म्हणून सगळ्याचा बॅकअपही त्याच कार्डावर.

पण या युक्तिवादात एक भोक आहे आणि ते आपणच दाखवलेलं बरं. मशीनमधली खाच फानुकचं स्वतःचं सॉफ्टवेअर चालवतं. लिनक्सने काहीही काढलं तरी तिला ढिम्म फरक पडत नाही. ऑफिसातल्या संगणकावर तेच कॉम्पॅक्टफ्लॅश ॲडॉप्टरमधून काढून साध्या यूएसबी रीडरमध्ये घातलं की फाइल मिळते. कॉम्पॅक्टफ्लॅश विजेच्या जोडणीने पीसी कार्डाशी जुळणारंच आहे, फक्त पिना ५०. म्हणून ॲडॉप्टरमध्ये चिप नसते, नुसत्या तारा. तेव्हा ‘लिनक्सने ड्रायव्हर काढला तर चाकणचे कारखाने बंद पडतील’ असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

अडचण आहे ती एसरॅम आणि लिनियर फ्लॅश कार्डांची. जुनी मोजमाप यंत्रं, काही जुने कंट्रोलर, नव्वदच्या दशकातले मोठे राऊटर यांत ही कार्डं असत. एसरॅम कार्डाच्या पोटात नाण्याएवढा सेल असतो आणि त्याच्या जिवावर माहिती टिकते. सेल मेला की माहिती गेली. म्हणून बऱ्याच कार्डांचा सेल बदलताना कार्ड खाचेतच असावं लागतं, म्हणजे तेवढा वेळ वीज लॅपटॉपकडून मिळते. हे कार्ड हार्डडिस्कसारखं वागत नाही, त्यामुळे बाजारातले स्वस्त यूएसबी रीडर ते ओळखतच नाहीत. खरी खाच आणि खरा ड्रायव्हर असलेला लॅपटॉपच लागतो. माझ्याकडे आजवर असं काम घेऊन तिघे आले आणि तिघांच्याही यंत्राचा बनवणारा हात वर करून बसला होता. तिघांचंही काम एका भंगारातून उचललेल्या लॅपटॉपने केलं. लिनक्समध्ये या कार्डांसाठी एमटीडी या, थेट मेमरी चिपांच्या, विभागात ड्रायव्हर आहे. तो गेला तर नुकसान होईल ते अशा लोकांचं, आणि त्यांना ते कळेल फार उशिरा.

दुसरे वापरणारे सिरियल पोर्टवाले. यूएसबी-सिरियलच्या केबली स्वस्त आहेत, चालतातही. पण काही जुनी यंत्रं वेळेच्या बाबतीत फार काटेकोर असतात, त्यांना यूएसबीची उशिराने येणारी अक्षरं चालत नाहीत. १६-बिट सिरियल कार्ड तिथे गुपचूप काम करतं.

माझं ओरिनोको कार्ड ६.८नंतर बंद पडलं. आता?

तीन वाटा. कार्डबसचं जी-प्रकारचं वायफाय कार्ड जुन्या बाजारात चहाच्या किमतीत मिळून जातं, ते घ्या. लॅपटॉपला यूएसबी असेल तर छोटं वायफाय डोंगल लावा, मात्र यूएसबी १.१ असेल तर वेग रडतखडत. नाहीतर जुनं कर्नेल ठेवा. त्याबद्दल पुढे.

ओरिनोकोला डबीत जपून ठेवा, दिसायला देखणं आहे.

जुन्या कर्नेलवरच राहिलं तर चालेल का?

काही वर्षं तरी आरामात. डेबियन या लिनक्सच्या वितरणाच्या १२व्या आवृत्तीत ६.१ कर्नेल आहे, म्हणजे वर सांगितलेलं सगळं त्यात शाबूत. डेबियन १२ला दीर्घ मुदतीचा आधार जून २०२८पर्यंत आहे. शिवाय ६.१ ही आवृत्ती सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म या प्रकल्पाने २०३३पर्यंत सांभाळायला घेतली आहे. तो प्रकल्प मुळात कारखाने, वीज, रेल्वे यांच्यासाठी आहे, आणि त्याच्या सदस्यांना जे लागतं तेच ते नीट तपासतात. तुमचं कार्ड त्यात असेलच असं धरून चालू नका.

एक गोष्ट मात्र लोक विसरतात. पीसी कार्डाची खाच असलेले बहुतेक लॅपटॉप ३२-बिटचे. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्ये ३२-बिट इंटेलसाठी कर्नेल आणि इन्स्टॉलर देणंच बंद झालं. म्हणजे कार्डाचा ड्रायव्हर राहिला की गेला यावर आपण भांडत बसलो आणि इकडे अख्खा लॅपटॉपच दाराबाहेर गेला. या वादात मला सर्वांत हसू येतं ते याचं. ड्रायव्हरवर पन्नास संदेश आणि प्रोसेसरवर कोणी चकार शब्द काढत नाही.

कार्ड इंटरनेटशी जोडायचं नसेल, नुसतं एसरॅम वाचायचं असेल, तर जुन्या कर्नेलचा लॅपटॉप नेटवर्कपासून तोडून कपाटात ठेवावा. वर्षातून दोनदा चालू करून बघावा. माझा असाच आहे.

बीएसडीवाल्यांनी काय केलं?

बीएसडी म्हणजे लिनक्ससारख्याच, युनिक्सच्या घराण्यातल्या मोफत सिस्टिम. त्यातल्या फ्रीबीएसडीने १६-बिट कार्डांचा आधार आधीच काढला आणि कार्डबस ठेवला. रेघ नेमकी तिथेच ओढली जिथे ती ओढायला हवी असं माझंही म्हणणं, फक्त त्यांनी गाभाही उचलून टाकला. नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी यांत अजून आहे. जुन्या यंत्राला नवीन सिस्टिम हवीच असेल तर नेटबीएसडी एकदा करून बघा. सवयीला आठवडा लागतो.

विंडोज?

विंडोज ११ फक्त ६४-बिटवर चालतं, त्यामुळे या लॅपटॉपांचा प्रश्नच मिटला.

एक्सप्रेसकार्डही जाणार का?

नाही. २००३मध्ये आलेलं एक्सप्रेसकार्ड आतून पीसीआय एक्सप्रेस आणि यूएसबी आहे. त्याला वेगळे ड्रायव्हर फारसे लागतच नाहीत. जे मूळ बसवर चालतं ते तिथेही चालतं. एका जुन्या खाचेचा एवढा संसार आणि दुसरीला काहीच नाही, याचं कारण हेच.

एकदा काढलेला ड्रायव्हर परत येतो का?

येऊ शकतो. कोड गिटच्या (बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीच्या) इतिहासात असतो, तो कोणी जाळत नाही. खरा वापरकर्ता पुढे आला, ‘माझ्याकडे कार्ड आहे, मी तपासेन’ म्हणाला, तर काढलेला बदल उलटवतात. पण नुसतं ‘भावनिक नातं आहे’ म्हणून कोणी परत घेत नाही. उशीर जितका जास्त तितकं ते अवघड, कारण मधल्या काळात आजूबाजूचा कोड बदलून गेलेला असतो. इटॅनियम प्रोसेसरचा आधार ६.७मध्ये निघाला, तेव्हा काही जणांनी तो बाहेर, स्वतःच्या बळावर सांभाळायला घेतला. तोही एक मार्ग आहे, पण रोजचा रियाज लागतो.

मी प्रोग्रामर नाही. मला काय करता येईल?

बरंच. तुमच्याकडची कार्डं काढा, प्रत्येकाचं नाव, मागचा क्रमांक लिहा. चालू कर्नेलवर लावा आणि डीमेसेजमध्ये (कर्नेलच्या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेत) काय उमटतं ते फाइलमध्ये साठवा. नवं कर्नेल आलं की पुन्हा लावा. चाललं तर ‘चाललं’ असं कळवा. लोक न चालल्याचं तेवढं कळवतात, चालल्याचं कोणी कळवत नाही. मग ड्रायव्हर सांभाळणाऱ्याला वाटतं की हे वापरणारं कोणी उरलंच नाही. काढण्याचा प्रस्ताव आला की त्यावर चार ओळी लिहा: कार्ड कोणतं, कशासाठी, शेवटचं कधी चालवलं. शिव्या नकोत, इतिहासाचे दाखले नकोत. ज्याचं जळतं त्याला कळतं हे खरं, पण समोरच्याला कळवलं तरच.

टीव्हीच्या मागेही अशीच खाच आहे. तिचाही आधार जाणार?

नाही. ती वाहिन्यांचं कुलूप उघडणाऱ्या मॉड्यूलसाठी आहे. आकार आणि पिना त्याच, पण पीसी कार्डाच्या या सगळ्या प्रकरणाशी तिचा संबंध नाही.

लॅपटॉपमध्ये कार्ड अडकलंय. बटण दाबलं तरी निघत नाही आणि लिनक्सला ते दिसतही नाही. ड्रायव्हर गेला म्हणून असेल का?

आधी लॅपटॉप बंद करा, बॅटरी काढा. बटण एकदा दाबल्यावर बाहेर येतं, दुसऱ्यांदा दाबल्यावर कार्ड ढकलतं, बरेच जण पहिल्यालाच थांबतात. पक्कड लावू नका. आणि कार्ड बाहेर आल्यावर नीट बघा: काळं, हलकं, टोकाला एकही भोक नाही? मग ते कार्ड नव्हेच. धूळ जाऊ नये म्हणून कारखान्यातून बसवून आलेला प्लास्टिकचा तुकडा आहे तो, त्याला आजवर कुठल्याच कर्नेलमध्ये ड्रायव्हर नव्हता. पुसून परत बसवा.